बारा रिकामी घरं

३ मे १९८८, मंगळवार

आज पुन्हा जागा संपली! चंद्राच्या गणिताच्या निम्म्या ओळी टाइप झाल्या नाहीत तोच कॉम्प्युटरनं टीव्हीच्या तळाशी लिहून टाकलं — मेमरी नाही. एक ओळ घालायची तर दुसरी काढायची. आमच्या घराचीच तऱ्हा. वन रूम किचनमध्ये पाहुणा झोपायचा तर एकानं गॅलरीत जायचं, आणि ते एक म्हणजे बहुधा मीच.

हा कॉम्प्युटर आतेभावानं मस्कतहून मुलांसाठी आणलेला. पाटीएवढा, काळा, रबराची बटणं. मुलांना दोन महिन्यांत कंटाळा आला आणि तो आमच्याकडे आला. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचा. सोबतचं पुस्तक वाचून मी शिकले. बीएस्सी होऊन डोंबिवलीत घरी बसलेल्या मुलीला वेळच वेळ.

सध्या तो फक्त गुण जुळवतो. अण्णा पंचांगातून मुलाचं आणि मुलीचं नक्षत्र काढून देतात, मी टाइप करते, टीव्हीवर येतं — छत्तीसपैकी इतके. लोक टीव्हीला नमस्कार करतात! खाली जिन्यात अण्णांनी पाटी लावली आहे, ‘संगणकीय पत्रिका’, आणि त्याखाली त्यांचं नाव. मी आत चहा करते आणि बाहेर येऊन बटणं दाबते.

जन्मतारीख आणि वेळ घातली की नक्षत्र कॉम्प्युटरनंच काढलं पाहिजे. मला ते येतं. जागा तेवढी हवी.

८ मे, रविवार

सकाळी टीव्ही मिळाला नाही. मालिकेसाठी अर्धी चाळ येऊन बसली. टीव्हीला हार.

दुपारी एक मुलीकडचे आले होते. मुलीचं नक्षत्र आश्लेषा. अण्णा त्यांना म्हणाले, “लपवू नका. मीही माझ्या मुलीचं लपवत नाही.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं.

आश्लेषा नक्षत्राची सून सासूच्या जिवावर येते म्हणतात. आणि मुलगी पसंत करते कोण? सासू! मग कोण हो म्हणेल? मला आलेली सगळी स्थळं याच उंबऱ्यावरून परत गेली. अण्णा पहिल्याच भेटीत, चहाच्या आधी, सांगून टाकतात. प्रामाणिक माणूस. मला कधीकधी त्यांच्या प्रामाणिकपणाचा इतका राग येतो की स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते.

आणि नोकरीचं काढलं की — लग्न ठरेपर्यंत नोकरी नाही, ठरल्यावर तिकडच्यांच्या इच्छेनं. लग्न तर ठरत नाही. म्हणजे मी कुठेच जायचं नाही. सत्तावीस संपेल आता.

१० मे, मंगळवार

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एकजण असल्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवून देतो म्हणे. अण्णांना विचारलं. “बघू.”

१६ मे, सोमवार

गेलो! आजपासून अधिक महिना. लग्नाचं विचारायला महिनाभर कुणी फिरकणार नाही, म्हणून अण्णांनी यंत्र सोडलं. एकटी मात्र नाही, आई बरोबर.

गुणाजी कोळी. चेंदणी कोळीवाड्यातला, चाळिशी उलटलेली, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. गल्ल्यावर त्याची बायको सगुणा. त्यानं मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि मी पहिल्यांदा आत बघितलं. हिरव्या पट्टीवर एका बाजूला चिपा बसलेल्या आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या खाचा. रिकाम्या. गुणाजी म्हणाला, “बाय, यात जागा पैल्यापासून हाय. कंपनीनं भरली नाय, येवढंच.”

मोजल्या तर बारा. पत्रिकेतही बारा घरं! मला हसूच आलं, आणि मग उगाच डोळे भरून आले. इतके दिवस मी एकेक ओळ खोडत बसले, आणि जागा आतच होती.

त्यानं एकेक चिप बोटांनी दाबून बसवली. टीव्ही लावला. मी पुस्तकातला हुकूम टाइप केला, मेमरी किती ते विचारायचा. घरी १२७ यायचे. आज २५५. पुस्तकाच्या हिशेबानं १२७ म्हणजे सोळा के मेमरी, २५५ म्हणजे अठ्ठेचाळीस.

मग दोन तास तिथंच. त्याच्याकडे तसेच आणखी डबे दुरुस्तीला आलेले. कुठला चालतो, कुठला अडकतो, हे बघायला मी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तो म्हणाला, “दुबई-मस्कतवाले रांग लावतात. चिपा मी बसवतो, पन ती निसती बसली का चालते पन, ते बघाला मानूस नाय. तुमी बसा ना इथं. पगारी.”

सगुणानं आईला वडापाव मागवला. आई म्हणाली, “आज माझा सोमवार. चहा चालेल.” माझ्या जन्माच्या आधीपासूनचे तिचे सोमवार, दिवसभर काही नाही, दिवेलागणीला वरणभात.

परत येताना आई एवढंच बोलली, “तू तिथं हसत होतीस.”

१७ मे, मंगळवार

अण्णा म्हणाले, “कोळ्याच्या दुकानात?” आणि पेपर उघडला. विषय संपला.

नंतर परत पेपर खाली करून — “आणि तू गेलीस तर हे यंत्र कोण चालवणार?”

४ जून, शनिवार

चंद्राचं गणित पूर्ण. सगळं मावलं, वर जागा उरली! तारीख, वेळ, गाव घातलं की मिनिटभर विचार करतो आणि नक्षत्र सांगतो. अण्णांचं घातलं, बरोबर. आईचं बरोबर. आतेभावाचं, त्याच्या मुलांचं बरोबर. अण्णा खुर्ची पुढं ओढून बसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग माझं घातलं.

पुष्य.

अण्णांनी चष्मा काढला. “चुकलं तुझं यंत्र.” पुन्हा घातलं. पुष्य. पुष्य म्हणजे नक्षत्रांत उत्तम, आश्लेषाच्या अगदी शेजारचं. रास तीच, कर्क. पण कुठं पुष्य आणि कुठं आश्लेषा. आई दारात उभी होती, ती आत गेली.

५ जून, रविवार

ओळ न् ओळ तपासली. चूक दिसत नाही. माझ्याच बाबतीत का? यंत्रालाही माझीच पत्रिका नकोशी!

१४ जून, मंगळवार

अधिक संपला, उद्यापासून पुन्हा माणसं यायला लागतील. त्याआधी ठाणे. आतेभावाला बरोबर पाठवलं.

गुणाजीनं नव्या चिपा एकेक काढून दुसऱ्या घालून बघितल्या. सगळ्या ठीक. मग म्हणाला, मेमरी नाही तर मूळ चिप असेल. कॉम्प्युटरला मुळात जे काही येतं — अक्षर काढणं, बेरीज करणं, कॅसेट वाचणं — ते सगळं एका चिपमध्ये भाजून ठेवलेलं असतं. त्या जुन्या चिपमध्ये भागाकाराची बारीकशी खोट आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. सुधारलेली चिप त्याच्याकडे होती. कॅसेटही आता दुप्पट वेगानं वाचेल म्हणाला. “घालू?”

घाल म्हटलं. माझं नक्षत्र एका काळ्या किड्याएवढ्या तुकड्यावर आलेलं. त्यानं तो चिमट्यानं काढला.

पुन्हा विचारलं त्यानं, “येनार का कामाला?” मी म्हटलं, घरी विचारते. त्याला कळलं.

१५ जून, बुधवार

नवी चिप जुन्या कॅसेटी वाचत नाही!! वेग वेगळा. गुणमेलन, चंद्र, सगळं गेलं. लोक यायला लागले आणि टीव्हीवर नुसत्या पट्ट्या. अण्णांनी हातानं गुण काढून दिले आणि लोक नाराज झाले. “कॉम्प्युटरचं पाहिजे होतं.”

मला पुन्हा सगळं टाइप करायचं आहे. वहीत उतरवलेलं आहे, पण बोटं दुखतात त्या रबरावर. दिवसातून एकदा तरी लाइट जाते, आणि कॅसेटवर घेतलं नसेल तर तेवढंही जातं.

२२ जून, बुधवार

लाइट गेली. दुपारभराचं काम गेलं. आईनं खिडकीशी ताट आणून दिलं. जेवले नाही.

२ जुलै, शनिवार

झालं. नवी मेमरी, नवी चिप, नवा टाइप केलेला प्रोग्रॅम. सगळ्यांचं बरोबर. माझं — पुष्य.

अण्णांना दाखवलं नाही. एक गोष्ट आज पहिल्यांदा लक्षात आली. बिघाड असता तर आज एक, उद्या दुसरं काहीतरी आलं असतं. हा दरवेळी तेवढाच चुकतो. चंद्र एका दिवसात चालतो तेवढाच, नेमका एक दिवस मागे. म्हणजे काय? माझा एक दिवस कुठे गेला?

११ जुलै, सोमवार

सापडला. लगेच लिहिते.

शेजारची शीला संध्याकाळी येऊन बसली होती. तिला आठवा लागलाय, घाबरली आहे. आई भात परतत तिला धीर देत होती. “काही नसतं गं. हिच्या, मालनच्या वेळी सोमवार होता माझा. कर्जतला, माहेरी. दिवे लागले, उपास सोडायला बसले, दोन घास खाल्ले आणि कळा आल्या. त्याच रात्री झाली. अडीचला.”

मी टीव्हीसमोरून उठले. “आई, कुठला वार म्हणालीस?”

“सोमवार.”

“अण्णा तर मंगळवारी रात्री म्हणतात.”

“मामानं सांगितलं त्यांना. ते कुठे होते तिथं?”

आता लिहून काढते, म्हणजे मला तरी पटेल. पहिलं बाळंतपण, म्हणून आई माहेरी. अण्णा इथं, मानपाड्याच्या कारखान्यात पाळीवर. गुरुवारी मामा बर्फी घेऊन आला आणि म्हणाला — मुलगी, मंगळवारी रात्री दोन पस्तीस. मामा रेल्वेत, स्टेशन मास्तर. त्याचा दिवस रात्री बाराला बदलतो. सोमवारची रात्र बारा वाजून गेली की त्याच्यासाठी मंगळवार. अण्णांचा दिवस पंचांगाचा, सूर्य उगवल्यावर बदलतो. त्यांनी मंगळवारची रात्र धरली, म्हणजे पुढची. अख्खा एक दिवस! तारीख त्यांनी मामाची लिहिली, म्हणून यंत्राला बरोबर तारीख मिळाली. नक्षत्र काढताना मात्र पंचांगात पुढची रात्र बघितली.

दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि मी सत्तावीस वर्षं आश्लेषा.

आईला म्हटलं, तू इतक्या वर्षांत बोलली का नाहीस? भाताखालचा गॅस बारीक करत म्हणाली, “मला कुणी विचारलं?”

१२ जुलै, मंगळवार

अण्णांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. जुनं पंचांग काढलं, कागद घेतला आणि गॅलरीत जाऊन बसले. जेवायला आले नाहीत.

१४ जुलै, गुरुवार

अण्णा गॅलरीतून आत आले. “पुष्यच. चूक माझी आहे.” माझ्या डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवला होता याआधी, आठवत नाही. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले.

मी रागावले होते, तो राग ठेवायला जागाच उरली नाही. मला वाटलं, आता सुटले.

२४ जुलै, रविवार

सुटले कसली! अण्णांना चूक भरून काढायची आहे. कल्याणच्या पेंडसेबाईंना निरोप गेला. त्यांनी मला दोन वर्षांपूर्वी बघितलं होतं. पसंत होते, आश्लेषा आडवी आली. मुलगा बँकेत. अजून ठरलेलं नाही त्याचं. अण्णा स्वतः जाऊन चूक सांगून आले, हात जोडून. बाई म्हणाल्या, “पुष्य असेल तर माझं काहीच म्हणणं नाही.”

मुलाबद्दल मला काही वाईट आठवत नाही. चांगलंही आठवत नाही. मान खाली घालून खात होता.

ठाण्याचं विचारलं. अण्णा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. “आता कशाला? आता तर सगळं सरळ झालं.”

६ ऑगस्ट, शनिवार

अण्णा कल्याणला जाऊन बोलणी करून आले. बाईंचे गुडघे गेलेत, सून दिवसभर घरात हवी. नोकरी अजिबात नको. कॉम्प्युटरचं अण्णांनी विचारलं, तेवढं केलं बिचाऱ्यांनी. “आमच्याकडे टीव्ही हॉलमध्ये आहे, माणसं येतात-जातात, ते कशाला मध्ये?” यंत्र इथंच राहणार. अण्णा म्हणतात, शेजारचा एखादा मुलगा शिकवून ठेव, तुझ्यामागे चालवायला.

पंधरा ऑगस्टला सुट्टी आहे, तेव्हा ते रीतसर येणार. होकार तिथंच. लग्न तुळशीनंतर.

मी आश्लेषा होते तेव्हा एक दार बंद होतं. आता उघडलंय, आणि ते दुसऱ्या स्वयंपाकघरात उघडतं. कुणी विचारलंच नाही की तुला कुठे जायचंय. आणि नाही कशावर म्हणू? अण्णांनी एवढी मान खाली घातल्यावर? भित्री आहे मी.

गुणाजीचा निरोप होता आतेभावाकडे. गणपतीपर्यंत वाट बघतो, मग दुसरं माणूस.

१३ ऑगस्ट, शनिवार

श्रावण लागला. आई तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं — मला कल्याणला जायचं नाही. मला ठाण्याला जायचंय, त्या दुकानात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. लग्नाला नाही म्हणत नाही, हे लग्न नको. अण्णांना माझ्याच्यानं सांगवत नाही, तू सांग.

आई खडे वेचत राहिली. ताट हलवलं, पुन्हा वेचले. मग विचारलं, “पंधराला वार कुठला?”

“सोमवार. का?”

“खिचडीचा साबुदाणा भिजवायला हवा.”

चिडून उठले. आईला काही सांगण्यात अर्थ नाही. ती या घरात कधी काही बोललेली मी ऐकलेली नाही.

१५ ऑगस्ट, सोमवार

पेंडसेबाई आल्या, मुलगा आला. बाईंचा श्रावणी सोमवार, म्हणून त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी, बाकीच्यांना पोहे. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं — मामा, स्टेशन, हिचा सोमवारचा उपास. बाई कौतुकानं आईकडे वळल्या. “तुम्हीही खिचडी घ्या ना. आजचा तर पहिला सोमवार.”

आई म्हणाली, “माझा सोमवार नसतो. मंगळवार असतो, पहिल्यापासून. मालनच्या वेळी मंगळवारच सोडत होते. मी मघाशी यांना अडवलं नाही एवढंच.”

बाईंनी बशी खाली ठेवली. अण्णा आईकडे बघत राहिले. आईनं पोह्यांची बशी उचलली, त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली आणि खायला लागली. सावकाश, सगळे बघत असताना. शेवटचा घासही संपवला.

“म्हणजे आश्लेषाच?” बाईंनी अण्णांना विचारलं.

अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या रिकाम्या बशीकडे.

“आश्लेषाच,” म्हणाले.

ते गेल्यावर आई बशा विसळत होती. मागे न बघता म्हणाली, उद्या ठाण्याला डबा न्यायचा असेल तर आत्ताच सांग, कणीक भिजवते.